मानपत्राचं पान: मराठी विकिपीडियाच्या प्रचालक मंडळींना बेळगावहून खुलं पत्र

मराठी विकिपीडियाच्या प्रचालक (म्हणजे ॲडमिन) आणि नेहमी लिहिणाऱ्या संपादक मंडळींना,

स.न.वि.वि.

मी शहापुरात, म्हणजे बेळगावच्या शहापुरात, डीटीपीचं छोटं दुकान चालवते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, गणपतीतले फ्लेक्स, वर्षश्राद्धाचे फोटो, सगळं चालतं. उद्या कुणी स्क्रीनशॉट काढून दाखवण्यापेक्षा आधीच कबूल करून टाकते की २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी मी पैसे घेऊन तुमच्याकडं तीन माणसांच्या पानांची कामं केली, तिन्ही माणसं जिवंत, तिन्ही राजकारणातली, आणि पैसे घेतलेत हे कुठंही लिहिलं नाही. लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. माहीत असतं तर लिहिलं असतं का, हे विचारू नका, कारण त्या वर्षी प्रिंटरचा हप्ता थकला होता.

सुरुवात अशी झाली की एक कार्यकर्ता फ्लेक्सची ऑर्डर घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, गूगलवर नाव घातलं की बाजूला चौकटीत फोटू नि जन्मतारीख येतंय बघा, तसं आमच्या साहेबांचं करून द्या की." मी म्हटलं ते गूगलचं काम, मी काय करणार. तर त्यानं मोबाइलवर दुसऱ्याच एका नेत्याचं उघडून दाखवलं, खाली बारीक अक्षरात विकिपीडिया लिहिलेलं. "पुण्याचा एकजण पंचवीस हजार सांगायलाय, तुम्ही काय घेता?" मी आठ म्हणाले. मला वाटलं यातले थोडे विकिपीडियाला फी म्हणून भरावे लागतील. रात्री बसून बघते तर फी नाही, पावती नाही, काही नाही, कुणीही यावं आणि लिहावं. म्हणजे साहेबांनी आठ हजार दिले ते निव्वळ टायपिंगचे.

आणि टायपिंग तरी कुठलं, मजकूर तयारच होता. साहेबांच्या पन्नाशीला सत्कार झाला तेव्हाचं मानपत्र माझ्याच दुकानात लागलेलं, फाइल पडून होती. ती उघडली, "आपण" होतं तिथं "ते" केलं, "आपणांस उदंड आयुष्य लाभो" उडवलं, शेवटी संपर्क कार्यालयाचा मोबाइल नंबर घातला आणि चिकटवलं. दीनदुबळ्यांचे कैवारी, तालुक्याचे आशास्थान, अजातशत्रू व्यक्तिमत्त्व, सगळं त्यात होतं. तुमच्यापैकी कुणीतरी वर जाहिरातीसारखा मजकूर असल्याचा साचा, म्हणजे सूचनेची पाटी, लावला आणि चौथ्या दिवशी पान गायब. तेव्हा तुमचा फार राग आला होता. आता वाटतं चौथ्या दिवशी का, पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं.

मानपत्राबद्दल थोडं बोलते, कारण तो माझा धंदा आहे आणि तुमच्या अडचणीचं मूळ मला तिथंच दिसतं. मानपत्र खोटं असतं असं मी म्हणणार नाही, ते मानपत्र असतं. ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असतं, स्टेजवर शाल असते, श्रीफळ असतं, फेटा असतो, आणि अजातशत्रू म्हटल्यावर समोर बसलेले त्यांचे शत्रूसुद्धा टाळ्या वाजवतात, कारण त्यातलं किती खरं धरायचं हे प्रत्येकजण मनात वजा करूनच बसलेला असतो. आमच्याकडं खेड्याखेड्यात मराठी साहित्य संमेलनं होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, तिथंही सत्कार होतात, मानपत्रं वाचली जातात, त्यात वाईट काहीच नाही. घोळ होतो तो हा की तोच मजकूर तुमच्याकडं आला की वाचणाऱ्याचं ते वजा करणं थांबतं. पोरं प्रोजेक्टमध्ये उतरवतात, सूत्रसंचालक वाचून दाखवतो, बातमीदार घाईत उचलतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. दुसऱ्या साहेबांचं पान टिकलं. त्यांच्या माणसानं चिठ्ठीवर शिक्षण लिहून दिलं होतं "बी.ए. १", म्हणजे पहिल्या वर्षापर्यंत. मला तो एक म्हणजे पूर्णविरामाचा दंडा वाटला, मी "बी.ए." लावलं. तीनेक महिन्यांनी एका साप्ताहिकात साहेबांवर पानभर लेख, त्यात "पदवीधर नेतृत्व". आणि मग कुणीतरी, मी नव्हे, तो लेखच तुमच्या पानावर बी.ए. च्या पुढं संदर्भ म्हणून जोडला. झालं, माझ्या चुकीला पदवी मिळाली. साहेबांनी स्वतः निवडणुकीच्या शपथपत्रात खरं ते लिहिलेलं, आयोगाच्या साइटवर कुणालाही दिसेल असं पडलंय, पण बघतो कोण. मी नंतर दुरुस्त करायला गेले तर माझा बदल परत फिरवला, वर संदेश की संदर्भ असलेली माहिती काढू नका. बरोबरच आहे हो तुमचं, तुम्हाला काय माहीत संदर्भाची आई मीच म्हणून.

तिसरं काम सगळ्यात छोटं आणि सगळ्यात वाईट. पान आधीच होतं, त्यात एक वाक्य होतं की "त्यांच्यावर अनेक गुन्हे दाखल आहेत", संदर्भ काही नाही. ते काढायचे पाच हजार. काढलं. आता नियम वाचल्यावर कळतं की जिवंत माणसाबद्दल वादग्रस्त आणि बिनसंदर्भाचं काही दिसलं तर कुणीही लगेच काढावं, चर्चेची वाट बघायची नाही. म्हणजे फुकटचं काम मी पाच हजाराला केलं. पण गोष्ट तिथं संपत नाही. आमच्या भागात गुन्हा दाखल असणं म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन कळायचं नाही. एक नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललात, परवानगी नव्हती, गुन्हा. मराठी फलकावरून घोषणा दिल्या, गुन्हा. सीमाप्रश्नात वय घालवलेल्या बाप्यांना कोर्टाच्या तारखा तोंडपाठ असतात. या साहेबांवरचे बरेचसे गुन्हे असलेच, पण एक प्लॉटच्या फसवणुकीचाही होता. "अनेक गुन्हे" म्हटल्यानं आंदोलक गुंड ठरत होता, आणि मी सगळंच पुसल्यावर प्लॉटवालं प्रकरणही धुतलं गेलं. त्यांना तेच हवं होतं. नीट लिहायचं तर कुठल्या प्रकरणात, कुठल्या कलमाखाली, नुसतं दाखल की दोषी ठरले, आणि छापलं कुणी, एवढं सगळं लागतं. तेवढं मिळत नसेल तर गप्प बसावं. हे मला आज समजतं, तेव्हा पाच हजार समजत होते.

आता मी वाचायला कशी लागले ते सांगते. पहिलं पान उडाल्यावर साहेबांच्या ऑफिसला फोन आला, हिंदीत, की आम्ही विकिपीडियाचे ॲडमिन, पंधरा हजार भरा पान परत आणतो, पुढं महिन्याला थोडे देत राहा, कुणी हात लावणार नाही. नंबर कुठून मिळाला? मीच घातलेला पानावर! कार्यकर्ता माझ्यावर उखडला, तुम्ही आणि ते मिळालेले आहात काय म्हणून. मी घाबरून शोधाशोध केली तर हा धंदा जुनाच निघाला. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियानं एका झटक्यात ३८१ खाती बंद केली आणि २१० लेख वगळले, त्या टोळीचं हेच चालायचं, ज्यांचे लेख नाकारले जातात अशी लहान दुकानं, कलाकार हेरायचे, पैसे घेऊन लेख चढवायचे आणि मग सांभाळायचे म्हणून महिन्याला वसुली. ऑरेंजमूडी नाव पडलं त्या प्रकरणाला. त्याच्या दोन वर्षं आधी विकी-पीआर नावाच्या कंपनीची अडीचशेच्या वर बनावट खाती सापडली होती. २०१४ च्या जूनमध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं वापराच्या अटींतच घातलं की पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं कुणाकडून, कुणासाठी, काय संबंधानं लिहितोय ते जाहीर करायचं. म्हणजे मी २०२३ मध्ये जे केलं ते नऊ वर्षं आधीपासून अटींच्या विरुद्ध होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते एकदाही आलं नाही. पान जतन करताना बारीक अक्षरात असतंय म्हणे अटी मान्य म्हणून. बारीक अक्षरात काय काय मान्य करून घेतात हे छपाईवाल्यांइतकं कुणाला ठाऊक नसेल.

आणि जिवंत माणसांसाठी वेगळा कडक नियम का झाला, तेही तेव्हाच वाचलं. अमेरिकेत जॉन सीगेंथालर नावाचे ज्येष्ठ पत्रकार, तरुणपणी अध्यक्ष जॉन केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक. २००५ च्या मे मध्ये कुणीतरी त्यांच्या पानावर लिहिलं की दोन्ही केनेडींच्या खुनात यांचा हात असल्याचा संशय होता. चार महिने ते तसंच राहिलं. शेवटी त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला तेव्हा जग जागं झालं, आणि लिहिणारा निघाला एका कुरिअर कंपनीतला माणूस, सहकाऱ्याची गंमत करायला लिहिलेलं. त्यानं राजीनामा दिला तर सीगेंथालरनीच मालकाला सांगितलं की त्याला परत घ्या. एवढं मोठं मन प्रत्येकाचं नसतं, आमच्याकडं तर डोकी फुटली असती.

आपल्याकडचं उदाहरण २०२२ चं. आशिया कपात अर्शदीप सिंगच्या हातून पाकिस्तानविरुद्ध झेल सुटला आणि त्याच रात्री त्याच्या पानावर भारताच्या जागी खलिस्तान झालं. थोड्याच वेळात ते काढलं, पण तोवर स्क्रीनशॉट देशभर, आणि सरकारनं विकिपीडियावाल्यांना बोलावून जाब विचारला. हे वाचताना मला आमचा भागच दिसत होता. इथं एखाद्या माणसाच्या घरात मराठी, शाळा कन्नडमधली, बाजारात दोन्ही, आणि मत कुणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच्या पानावर कुणी "मराठी नेते" करतं, दुसऱ्या दिवशी कुणी "कन्नडिग नेते" करतं, तिसरा येऊन बेळगावचं बेळगावी करतो, चौथा परत फिरवतो. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी आहे, आम्ही बेळगावच म्हणतो, तो वाद गावाच्या पानावर खुशाल चालू द्या, गाव कुठं रडत बसत नाही. पण माणसाची भाषा, जात, धर्म कुणी तिऱ्हाइतानं ठरवायचं आणि तेही निवडणुकीच्या तोंडावर, हे भाबडेपणानं होत नसतं. त्याचेही पैसे घेतले जातात. मला विचारलं गेलं होतं, विरोधकाच्या पानावर घाला म्हणून. तेवढं मात्र मी केलं नाही, रेट चांगला होता तरी.

आता तुमच्याबद्दलची तक्रार. तुम्ही संदर्भ मागता, बरोबर आहे. पण संदर्भ विकत मिळतात हो. २००९ च्या निवडणुकांत पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, केवढा बोभाटा झाला, प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली, तेव्हा ते कागदावर होतं, आता वेबसाइटवर आहे आणि स्वस्त आहे. मला पान बनवायला सांगणाऱ्याच्या पॅकेजमध्ये "पाच ऑनलाइन बातम्या" हे वेगळं कलम असायचं. त्या बातम्यांना बातमीदाराचं नाव नसतं, फोटो पासपोर्टसारखा, आणि वाक्यं मानपत्रातली. इंग्रजीवाल्यांनी भारतातल्या असल्या बातम्यांबद्दल वेगळी ताकीदच लिहून ठेवलीय. मराठीत संदर्भांची संख्या मोजली जाते, त्यातला एकही उघडून बघितला जात नाही असं मला माझ्याच पानावरून दिसलं. दुसऱ्या साहेबांच्या पानावर अकरा संदर्भ आहेत, नऊ एकाच पॅकेजचे.

आणि उलट बाजूला आमचे गुरुजी. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आले, चार लहान पुस्तकं. आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं प्रेमापोटी पान लिहिलं, एक रुपया न घेता. (प्रेमापोटी लिहिलेलंही मानपत्रच असतं, ते असो.) गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच नावाचे दुसरे एक गृहस्थ वारले, पेपरात निधनवार्ता आली, आणि कुणीतरी गुरुजींच्या पानावर मृत्यूची तारीख घातली, संदर्भासकट. सकाळी आठपासून फोन. सासुरवाशीण मुलगी कोल्हापुराहून निघाली रडत. व्हॉट्सॲपवर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि एकानं तर माझ्याकडंच बॅनरची ऑर्डर दिली, मी फोटो लावायला घेतला तेव्हा कळलं! गुरुजी ओसरीवर चहा पीत बसलेले. २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीच्या दिवशी एडवर्ड केनेडी आणि रॉबर्ट बर्ड या दोन सिनेटरांना विकिपीडियानं असंच जिवंतपणी मारलं होतं, पण तिथं काही मिनिटांत दुरुस्त झालं. गुरुजी तुमच्याकडं सहा दिवस मेलेले होते.

दुरुस्ती करायला त्यांचा नातू गेला. बदल परत फिरवला, संदर्भ द्या. मला सांगा, माणूस जिवंत आहे याचा संदर्भ काय द्यायचा? कुठलं वर्तमानपत्र छापतं की अमुक गुरुजी आजही जिवंत आहेत? आणि त्यांच्या खऱ्या कामाचे संदर्भ आहेत ते जुन्या पेपरांच्या कात्रणांत, वाचनालयातल्या बांधीव फायलींत, संमेलनांच्या स्मरणिकांत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, कागद इथं कमी नाही, पण त्याची लिंक नाही. लिंक नसलेला संदर्भ चालतो असं तुमचाच नियम म्हणतो, मग नव्या माणसानं वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहिला तर तो का उडवला जातो?

जन्मतारखेचं तर विचारूच नका. पानावर १ जून आहे. आमच्याकडं त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, शाळेत नाव घालताना मास्तर जी तारीख सोयीची ती लिहायचे. गुरुजी म्हणतात मी दिवाळीतला, आई सांगायची. कागद म्हणतो जून, आई म्हणते दिवाळी. तुम्ही आईला संदर्भ मानणार नाही आणि मानूही नये, पण मग नुसतं साल लिहा की. पूर्ण तारीख कशाला हवी, बँकेपासून सिमकार्डापर्यंत तारखेवरच सगळं चालतं, म्हाताऱ्या माणसांना फसवायला तेवढी पुरते.

मला तुमच्याकडून काय पाहिजे ते सांगते. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं काय जाहीर करायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरात, नवीन पान सुरू करायच्या खिडकीतच दिसू द्या. त्यासाठी पाच वाक्यं पुरतात, मी फुकट लावून देते, अक्षरजुळणीसकट. विकिपीडियावर पानाला, पान परत आणायला, पान सांभाळायला कुणीही पैसे मागितले तर तो ठग आहे, हेही तिथंच लिहा, म्हणजे आमच्यासारख्यांचं गिऱ्हाईक आपोआप कमी होईल. जिवंत माणूस किंवा त्याच्या घरचं कुणी तक्रार घेऊन आलं तर पहिलं उत्तर "संदर्भ द्या" हे नको, आधी ते वाक्य बाजूला काढा, मग भांडत बसा. तुम्ही मोजके लोक आहात, पगार नाही, रात्री जागून करता, हे मला कळतं. संभाजी महाराजांच्या इंग्रजी पानावरून गेल्या वर्षी २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरनं, म्हणजे पोलिसांच्या सायबर विभागानं, संपादकांवरच गुन्हा नोंदवला, तेव्हा तुमच्यातल्याही बऱ्याच जणांच्या पोटात गोळा आला असेल. पण म्हणूनच म्हणते, सगळी पानं सांभाळता येत नसतील तर जिवंत माणसांची आधी सांभाळा.

माझ्या तीन पानांचं असं ठरवलंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर मी जाहीर करणार की हे मी पैसे घेऊन केलं, कुणी दिले, कधी दिले. गिऱ्हाइकांना सांगून झालंय. एकानं फोन ठेवला, दुसरा म्हणाला तुम्हाला काय वेड लागलंय काय, फ्लेक्सची कामं दुसरीकडं जातील. गेलीत. बी.ए. चं मी स्वतः हात लावणार नाही, शपथपत्राची माहिती चर्चा पानावर ठेवते, तुमच्यापैकी कुणीतरी बघून करा.

आणि गुरुजींचं पान मी छापून त्यांना दिलं होतं. त्यांनी ते प्रुफासारखं तपासलं, लाल शाईनं, समासात खुणा करून, जसं आयुष्यभर आमच्या वह्या तपासल्या तसं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नऊ. एका पुस्तकाचं साल चुकलेलं. "थोर समाजसुधारक" खोडून "शिक्षक" केलंय. निधनाच्या ओळीवर काट मारून बाजूला "रद्द" लिहिलंय आणि खाली सही, तारखेसकट. तो कागद माझ्याकडं आहे, स्कॅन करून चर्चा पानावर ठेवू का, चालतो का, तेवढं कळवा.

कळावे,
शहापूर, बेळगावची एक डीटीपीवाली